भातानं मोजलेली हवा

आमच्या परंदवडीत भात पिवळं पडलं की माझ्या मानेला कुसळं टोचायला लागतात. गंमत बघा, आता मी शेतात पाऊलसुद्धा टाकत नाही. गुडघे ऐकत नाहीत. ओट्यावर बसून पावटा सोलत असते, तरी हात मानेवर जातो, पदर झटकला जातो. सून सुटीला आली की म्हणते, "आई, काहीच नाहीये हो तिथं." तिला काय सांगणार? चाळीस हंगाम त्या कुसळांत काढलेत. डोकं विसरतं, कातडी विसरत नाही.

या दिवसांत सकाळी धुकं असं बसतं की बांधावरचं आंब्याचं झाड नऊ वाजेपर्यंत दिसत नाही. हायवेच्या गाड्यांचा नुसता आवाज येतो, गाडी एक दिसत नाही. मग ऊन चढतं, धुकं ओढ्याच्या अंगानं सरकत जातं आणि रानातल्या भाताचा वास सुटतो. शिजलेल्या भाताचा वास सगळ्यांना माहीत असतो. उभ्या पिकाचा वास वेगळा. ओल्या मातीत कुणी तूप सांडून गेल्यासारखा. लग्न होऊन मी आंदर मावळातनं इकडं आले, तेव्हा माहेरचं म्हणून ओळखीचं काय होतं, तर हा एक वास.

परवा मशीन आलं. आमचं सगळं मिळून दीड एकर. चहा होऊन कप विसळेपर्यंत निम्मं भात पोत्यात. पूर्वी याला आठ दिवस लागायचे आणि आठही दिवस सावड असायची. सावड म्हणजे आज सगळ्यांनी आमच्यात यायचं, उद्या आम्ही सगळ्यांनी बबनच्या रानात जायचं, परवा गजराबाईच्या. मजुरी नाही, हिशेब नाही. फक्त दुपारची भाकरी ज्याचं रान त्याची. खळ्यावर फळी मांडून भाताच्या पेंढ्या झोडायच्या आणि झोडता झोडता गावातल्या प्रत्येकाची पण झोडणी करायची. कुणाची सून, कुणाचा जावई, कुणाचं सरपंचपद. जे घरात बोलता यायचं नाही ते खळ्यावर बोललं जायचं. आणि खळ्यावर बोललेलं गावभर व्हायचं.

तर मशीन चालवणाऱ्यानं गाणी लावलेली. शब्द एक कळत नव्हता, पण खालचा तो घुमणारा आवाज असतो ना, कानाला नाही, छातीला लागणारा, तो ओट्यापर्यंत येत होता. आमचे हे पायरीवर बसले होते. मान वर केली, थोडा वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "डबा चांगला बसवलाय त्यानं."

एवढंच. पण माझ्या हातातली पावट्याची शेंग हातातच राहिली.

हे सुतार. गावातले सगळे सुतारभाऊ म्हणतात. एके काळी गावातली निम्मी दारं ह्यांच्या हातची होती. नांगर, पाभर, पाट, पाळणे, लोणावळ्याच्या बंगल्यांतली कपाटं. मग तयार दारं यायला लागली, प्लास्टिक आलं, बंगलेवाले पुण्याहून माणसं आणायला लागले. काम सुटलं असं नाही म्हणणार मी. पातळ झालं, ताकासारखं. एक पाट, एक खुरप्याचा दांडा, कुणाच्या पलंगाची पाटी. त्यात डोळ्याला मोतीबिंदू. पटाशीला धार लावताना हे बोटानं धार बघायचे, डोळ्यानं नाही.

त्या साली आमच्या प्रवीणनं जुनी गाडी घेतली. सात वर्षं झाली त्याला. कंपनीत होता तो, पण रविवारी लोणावळा स्टेशनवरनं लोहगडवाडीपर्यंत पर्यटक सोडायचे असं त्याच्या मनात होतं. आणि मुंबईच्या पोरांना म्हणे गाडीत आवाज लागतो. नुसतं गाणं नको, घुमलं पाहिजे. त्यानं भला मोठा काळा स्पीकर आणला, पोळपाटाएवढा, आणि घरात आल्या आल्या म्हणाला, "आप्पा, याला बॉक्स पाहिजे. तुम्ही बनवणार का?"

अजून आठवतं, ह्यांनी चहा अर्धा ठेवला.

प्रवीणनं मोबाईलवर चित्र दाखवलं. स्पीकर नुसता ठेवला तर भुंकतो, त्याला बंद डबा लागतो, आणि डब्यात किती हवा असावी तेही ठरलेलं असतं. कमी झाली तर आवाज कोंडतो, जास्त झाली तर सैल पडतो. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी मृदंगावानी. पोटात किती पोकळ सोडायची त्यावर बोल."

"तसंच समजा. चाळीस लिटर हवा पाहिजे."

"लिटर? दुधावानी?"

"दुधावानीच, आप्पा."

पुढचे पंधरा दिवस ह्यांचं वय मला दिसलंच नाही. पहाटे उठून अंगणात. लोणावळ्याच्या एका बंगल्यातल्या कामाची उरलेली जाड प्लाय माळ्यावर होती, ती खाली आली. प्रवीण म्हणत होता की दुकानात भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे बॉक्स मिळतात. हे म्हणाले, "भुशाचा लगदा तो. मावळातल्या एका पावसाळ्यात पापडावानी फुगंल." मग गाडीची डिकी उघडून आत स्वतः आडवे झाले. मागच्या सीटची पाठ तिरपी असते, डब्याची पाठही तशीच तिरपी पाहिजे, नाहीतर जागा वाया जाते. तो तिरपेपणा दोन पट्ट्या जोडून उचलला आणि हातात जपून, चालत अंगणात आणला. जसा काही भरलेला तांब्या आणतायत. शेजारणी विचारायच्या, "सुतारभाऊ गाडीत झोपाया लागलं व्हय?" मी म्हणायचे, "व्हय बाई, घरात मी घोरते."

हसू यायचं मला. पण खरं सांगते, बरंही वाटायचं. बाप-लेक एका फळीवर वाकलेत हे मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. गोल भोक कापायचं तर खिळा ठोकून सुतळीनं वर्तुळ काढलं. आत एक आडवी पट्टी बसवली, भिंती थरथरू नयेत म्हणून. सांधा असा बसवला की प्रवीणनं नख घालून बघितलं, नख जाईना. सरस लावून दोऱ्यांनी आवळून दोन दिवस डबा ठेवला. त्या दोन दिवसांत कोंबडीला पण जवळ फिरकू दिलं नाही.

मग हवा मोजायची वेळ आली.

प्रवीण कागदावर लांबी-रुंदीचा गुणाकार करत बसला होता, तिरप्या पाठीमुळे त्याचं गणित अडलं होतं. हे म्हणाले, "आण ते डेअरीचं लिटरचं माप. आन् भात आण." नवं भात, खळ्यावरचं, सकाळीच उपणलेलं. गोल भोकातनं एकेक माप आत ओतायला लागले. आमच्यात धान्य मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तर हे, "लाभ... दोन... तीन..."

"आप्पा, एक म्हणा ना, मी लिहून घेतोय!"

"भात हाय ते. भात लाभानंच सुरू व्हतं."

खळ्यावरची गजराबाई सूप टेकवून बघायला आली. मला विचारते, "आगं, हवा मोजत्यात व्हय कुटं भातानं?" मी म्हटलं, "आमच्यात मोजत्यात." चाळीसच्या वर आणखी दोन मापं गेली तेव्हा डबा भरला. प्रवीण म्हणाला, दोन जास्त झाली. हे म्हणाले, "तुझ्या त्या स्पीकरचं बूड आत जाणार न्हाई का? आन् ही पट्टी? त्यांची जागा कुणी धरायची?" प्रवीण बापाकडं बघतच राहिला. त्या बघण्यासाठी ह्यांनी दुसरं काही मागितलं नसतं.

आता पुढचं सांगते. ते सांगायला नको वाटतं, म्हणूनच इतका वेळ धुक्यात आणि वासात रेंगाळले.

डबा रिकामा मी केला. आमच्या सावडीचा दिवस होता, बारा माणसांच्या भाकरी व्हायच्या होत्या, आणि ते भात परत राशीत टाकायचं होतं. मी नि गजराबाईनं डबा उचलला, भोक खाली केलं, भात घळाघळा आलं. दोनदा हलवला. "झाला रिकामा," म्हणून मी ओरडले आणि चुलीकडं पळाले. बस. माझं काम तेवढंच.

दुपारी भाकरी खाऊन सगळे खळ्याच्या कडेला टेकले होते. प्रवीणनं गाडी मागं मागं घेत खळ्यापर्यंत आणली. डब्यात स्पीकर बसवला, वायरी जोडल्या, गाणं लावलं. काय सांगू! पेंढ्याच्या गंजीवरच्या चिमण्या उडाल्या. गजराबाईनं गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आगं बाई, हितं छातीत वाजतंय!" बबन तर हातातली पेंढी डोक्यावर धरून नाचायलाच लागला. हे गाडीच्या बाजूला उभे. हाताची घडी घातलेली, पण बोटं दंडावर ताल धरत होती.

प्रवीणच्या कपाळाला तेवढी आठी पडली. त्यानं गाणं बंद केलं, परत लावलं, डब्याला कान लावला. "आप्पा, आत कुठंतरी खरखरतंय. सांधा सुटलाय बहुतेक. हवा जातेय."

हे पुढं झाले. तळहात डब्यावर ठेवला, असा वरनं खाली फिरवला, तापलेल्या पोराच्या अंगावरनं फिरवावा तसा. म्हणाले, "दोन दिवस दे. खोलून बघतो."

आणि मी बोलले. कमरेत कळ येत होती, मानेला कुसळं टोचत होती, निम्म्या पेंढ्या झोडायच्या राहिल्या होत्या आणि पंधरा दिवस घरातला पुरुष त्या डब्यामागं लागलेला. ही सगळी कारणं मी सात वर्षं स्वतःला सांगत आलेय, एकही पुरत नाही. मी म्हणाले, "अहो, ऱ्हाऊ द्या आता. दिसत न्हाई धड, आन् सांधं कसलं बसवताय? हात गेला तुमचा. आणू द्या त्याला दुकानातनं."

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. बबन म्हणाला, "सुतारभाऊ, मालकिणीनं रिटायर केलं की तुमाला!" मीसुद्धा हसले. प्रवीण नाही हसला, पण तो काही बोललाही नाही. आणि ह्यांनी हात डब्यावरनं काढून घेतला, धोतराला पुसला, आणि झोडायला फळीपाशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी सगळ्यांत जास्त पेंढ्या ह्यांनीच झोडल्या.

पुढच्या रविवारी प्रवीणनं चिंचवडवरनं तयार बॉक्स आणला. भुशाचाच. चांगला वाजला, तक्रार नाही. चार वर्षं गाडी चालवली, मग विकली, तळेगावला फ्लॅट घेतला. गाडीबरोबर तो बॉक्सही गेला. आमचा डबा मात्र घरात राहिला. मी त्यात कांदे ठेवायला लागले. गोल भोक हात घालायला सोयीचं पडतं.

आणि त्याच आठवड्यात केव्हातरी पटाशी, रंधा, गुण्या, सगळी हत्यारं तेलाचा हात लावून पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेली. मला वाटलं, डोळ्यामुळं. मला तसंच वाटून घ्यायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या साली झालं, दिसायला लागलं चांगलं, पण पोतं काही खाली आलं नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, देव्हाऱ्याला नवा पाट करा की." म्हणाले, "बघू." ह्यांचं बघू म्हणजे नाही, एवढं इतक्या वर्षांत कळतं.

माणसं मोठमोठ्या गोष्टींचा पश्चात्ताप करतात. जमीन विकली, भावाशी तोडलं, पोरीचं शिक्षण सोडवलं. माझं तसलं काही नाही. आमचा संसार सरळ झाला. मारहाण नाही, दारू नाही. एक वाक्य, तेसुद्धा भरल्या पोटी, उन्हात, हसत हसत बोललेलं. पण दरवर्षी भात पिवळं पडतं आणि ते वाक्य परत तयार होऊन उभं राहतं. घरात बोलले असते तर घरातच मिटलं असतं. मी खळ्यावर बोलले.

तर परवा मशीन गेलं, आवाज थांबला, आणि मी शेंगा बाजूला ठेवून म्हटलं, "अहो, त्या डब्याच्या येळी मी तुमाला चारचौघांत बोलले. बोलाया नको व्हतं. माझं चुकलं."

सात वर्षांनी. आणि ते पण त्यांच्याकडं न बघता, शेंगांकडं बघून.

हे म्हणाले, "सांधा एकबी सुटलेला न्हवता."

"मंग खरखर कशाची?"

"भात ऱ्हायलं व्हतं आत. आडव्या पट्टीच्या मागं. ओंजळभर आसंल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. भोक खाली करून दोनदा हलवलेला डबा आठवला. तिसऱ्यांदा हलवला असता तर. बाजूनं थोडा कलता केला असता तर.

"कवा बघितलं तुमी?"

"दुसऱ्या दिवशी. तुमी समदी बबनच्या रानात गेलावता. स्पीकर काढला आन् हात घातला. काढून टाकलं भात, परत लावून बघितला. काय वाजला!" आणि हे हसले. खरंच हसले. आठवून.

"आवं, मंग बोलला का न्हाई? पोरानं दुसरा कशाला आणला आसता?"

"रिकामा कुणी केलावता?" रागानं नाही बोलले. भाजीत मीठ आहे का विचारावं तसं. "सावड चालू व्हती आजून. खळ्यावर इशय निघाला आसता. बबन्यानं वर्षभर तुला चिडिवलं आसतं, भातवाली म्हणून."

मी शेंगा घेऊन आत गेले. आत जाऊन काय केलं ते सांगण्यासारखं नाही. कांदे काढून सूपात ठेवले, डबा पुसला, भोकातनं हात घालून त्या पट्टीवरनं बोट फिरवलं. रंधा मारलेली होती ती. आतली, कुणाला कधी न दिसणारी पट्टी, तिच्यावरसुद्धा रंधा मारलेला.

रात्रभर एकच घोळत होतं. चारचौघांत बोलले ते चारचौघांतच मागं घेतलं पाहिजे. पण खळं कुठं आहे आता? तिथं प्लॉट पडलेत, कुंपण घातलंय. सावड मोडली. बबन गेला, परवा तिसरं वर्षश्राद्ध झालं त्याचं. बाकीचे कुणी सोमाटण्याला, कुणी तळेगावात पोरांकडं. बारा जणांतली हाकेच्या अंतरावर उरली एकटी गजराबाई. म्हटलं, एक तर एक. सकाळी धुक्यातनंच काठी टेकत तिच्या घरी गेले.

तिनं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. भात आत राहिलं, ते मी ठेवलं, सांधे सगळे घट्ट होते, ह्यांचा हात गेला नव्हता. ती ऐकत होती, पण तोंडावर असं, की ही कशाबद्दल बोलतेय.

"कंचं खोकं गं? ते गाडीतलं?" मग तिला आठवलं. "व्हय की! लय भारी वाजत व्हतं की ते. बबन नाचलावता ना पेंढी घिऊन?"

"आगं पण खरखरत व्हतं ना. म्हणून तर मी बोलले."

"आमाला कुटं कळतीय खरखर? आमाला तर ग्वाड लागलं. तू बोललीस तवा कळलं, काय तरी बिघडलंय म्हणून."

"मंग हसलात का समदी?"

"आता घरचीच बाई बोलती म्हटल्यावर, हसाया नको?" तिनं चहा माझ्या हातात दिला आणि स्वतःचा बशीत ओतला. "मी त्या साली सुतारभाऊकडनं पाट करून घेणार व्हते, बघ. लाकूडबी काढून ठेवलंवतं आंब्याचं. मंग म्हटलं, बायकूच म्हणती हात गेला, कशाला त्या माणसाला तरास. तळेगावच्या बाजारातनं इकत आणला."

"कुटाय तो पाट?" मी विचारलं.

"कुटाय म्हंजी?" गजराबाई म्हणाली. "बसलीयास की त्याच्यावर."